ढोलकीला दोन माइक

सकाळी साडेआठ

अकोले तालुक्यातल्या या गावात काल रात्री आमचा खेळ झाला, आज सकाळी हजेरी आहे. जत्रा पाहिलेल्या माणसाला हजेरी सांगावी लागत नाही, पण शहरातल्यांसाठी सांगतो. रात्रीच्या तमाशानंतर दुसऱ्या दिवशी सकाळी फड पुन्हा देवळापुढं उभा राहतो, देवाला आणि गावाला हजेरी देतो. ती उरकली की दुपारी कुस्त्यांचा हगामा भरतो. रात्रीच्या गर्दीत निम्मी पोरं आसपासच्या गावांतली असतात. हजेरीला बसतात ती गावातली जाणती माणसं. कुणी पारावर, कुणी सभामंडपाच्या पायऱ्यांवर, कुणी चिंचेखाली.

मी फडाचा साउंडवाला. आमचा फड हंगामी. गुढीपाडव्याला बाहेर पडायचं आणि बुद्धपौर्णिमेच्या सुमाराला घरी यायचं. चाळीसेक माणसं, दोन ट्रक, एक बस. हजेरीला मी उतरवतो ते सामान एका हातगाडीवर मावतं. दोन टॉप स्पीकर, छोटा मिक्सर, सहा माइक. एलईडीच्या पेट्या, शार्पी दिवे, धुराचं मशिन सगळं ट्रकमध्येच राहतं. उन्हात त्याचा उपयोग शून्य.

सहांतले दोन माइक ढोलकीचे. नवीन पोऱ्या हाताखाली आला की पहिला प्रश्न हाच विचारतो, एका वाद्याला दोन कशाला? ढोलकीची दोन तोंडं म्हणजे दोन वेगळे आवाज आहेत. उजव्या पुडीवर शाई असते, तिला पक्का सूर असतो, बोट पडलं की टणकन बोलते. डाव्या पुडीला आतून मसाला असतो. तिच्यावर तळहाताचा दाब वाढला-कमी झाला की आवाज खाली जातो, वर येतो, घुमतो. मध्ये एकच माइक ठेवला तर उजवी कान फाडते आणि डावी कुठं गेली ते कळत नाही. डावी गेली म्हणजे लावणीचं निम्मं बोलणं गेलं.

आमचे ढोलकीवाले तात्या साठीच्या पुढचे आहेत. जामखेडच्या कला केंद्रांत, संगीतबारीत बसून शिकलेले. तिथं ऐकणारा दहा फुटांवर असतो, चुकलेलं बोट लपत नाही. सकाळी ते पेटीमास्तरांना काळी चार धरून ठेवायला सांगतात आणि ढोलकी लावतात. आज त्यांनी उजवी पुडी सुराच्या केसभर खालीच सोडली. मास्तर म्हणाले, "तात्या, उतरलीय." तात्या म्हणाले, "ऊन येऊ द्या." पंधरा मिनिटांत देवळाच्या कळसावरून ऊन खाली आलं, कातडं तापलं आणि ढोलकी आपसूक सुरात आली. रात्री याच्या उलट करावं लागतं. दवानं कातडं ढिलं पडतं, म्हणून रात्री ती थोडी चढी लावायची.

साडेनऊ

आधी हलगी-ढोलकीची सलामी. मग गण, मग गवळण. गावानं सकाळी चहा-नाश्ता दिला होता, आवाज जड होते, पण सलामीनं सगळ्यांना जागं केलं. हलगीवाला जवान आहे, पळतो. तात्या त्याला पळू देतात, त्याचाच बोल उचलून निम्म्या लयीत परत टाकतात आणि मग तोही थांबून ऐकतो. देवळापुढची माणसं हसली ती ऐकणाऱ्याचं हसू होतं. कुणी सवाल केला आणि कुणी काय जवाब दिला हे त्यांना कळलं होतं.

गवळणीनंतर दोन लावण्या झाल्या, मग एका म्हाताऱ्यानं जुन्या लावणीची फर्माईश केली. आमच्या मुख्य गायिका, ज्यांना आम्ही सगळे ताई म्हणतो, त्या पुढं आल्या. अंगावर साधी नऊवारी, पायांत चाळ. इथं जे झालं ते सांगण्यासाठीच मी हे सगळं लिहायला बसलोय.

ताईंनी लावणीची एक ओळ म्हटली. मग तीच ओळ पुन्हा म्हटली, पण आता तक्रारीच्या सुरात. तिसऱ्यांदा तीच ओळ हसत. तीन वेळा म्हणायची असं कुणी ठरवलं नव्हतं. समोरचा म्हातारा दाद देत होता म्हणून त्या थांबल्या नाहीत. चौथ्या खेपेला त्यांनी ओळ अर्ध्यात तोडली आणि पाऊल उचलून टाकलंच नाही. ज्या मात्रेवर चाळ वाजायला हवे ती मात्रा रिकामी सोडली. आणि तात्यांनीही ती रिकामी सोडली. दोघं एकाच क्षणी गप्प. मग पाऊल पडलं, थाप पडली, आणि पारावरून एकदम आवाज उठला.

मी तात्यांना नंतर विचारलं, तुम्हाला कसं कळलं? म्हणाले, "टाच. पाऊल टाकायचं असलं की टाच आधी फिरते. फिरली नाही."

माझं काम त्या वेळी एवढंच की डाव्या पुडीचा फेडर वर नेऊन ठेवायचा, कारण शांततेनंतरची थाप ही घुमाऱ्याची असणार हे मलाही तात्यांच्या खांद्यावरून कळलं होतं. म्हणजे ताईंकडं तात्या बघत होते, तात्यांकडं मी बघत होतो, आणि ताई त्या म्हाताऱ्याकडं बघत होत्या. वाजवणं म्हणतात ते हे. बोटं चालवणं त्यातला एक भाग झाला. एकमेकांना ऐकणं हा मोठा भाग.

साडेअकरा

फेटे, नारळ, बक्षिसं देणाऱ्यांची नावं. नावं घेण्यात अर्धा तास जातो आणि जायलाच हवा, त्यावर पुढच्या वर्षीची सुपारी असते. तिकडं पैलवान अंगाला माती लावायला लागले. आम्ही वायर गुंडाळल्या.

दुपारी एक

बस अकोल्याहून संगमनेरकडं. जागं असलेलं माणूस मी एकटाच.

संगमनेर आमच्या धंद्याचं जुनं गाव. शाहीर अनंत फंदी इथले, 1744 ते 1819 हा त्यांचा काळ. तमाशात गाजत असताना अहिल्याबाई होळकरांनी त्यांना सुनावलं आणि ते कीर्तनाकडं वळले, अशी कथा सांगतात. त्याच अहिल्याबाई जामखेड तालुक्यातल्या चौंडीच्या, आणि 2024 मध्ये नगर जिल्ह्याला नाव मिळालं ते त्यांचंच. या गोष्टीतली शिकवण मला कधीच पूर्ण पटली नाही. फंदींनी तमाशा सोडला, पण कवन आणि गळा बरोबर नेलाच की.

संगमनेर सोडून पुण्याच्या रस्त्याला लागलं की हिवरगाव पावसा येतं. लोकांना ते टोलनाक्यामुळं माहीत आहे. आमच्यासाठी ते पवळाचं गाव. तमाशाच्या बोर्डावर, म्हणजे मंचावर, उभी राहिलेली पहिली बाई म्हणून जिचं नाव घेतात ती पवळा हिवरगावकर. तिच्याबरोबरचे शाहीर पठ्ठे बापूराव हे मूळचे कुलकर्णी, पवळा महार समाजातली. त्या काळात ही जोडी एका बोर्डावर उभी राहिली. पवळाला नुसतं डोळ्यांनी बघायला लोक यायचे, हे कुणीच नाकारत नाही. तेव्हा देखावा आता आला आणि आधी सगळं शुद्ध होतं, असं जे म्हणतात त्यांनी हिवरगावला एकदा उतरावं. शालू, गजरा, चाळ, मशालीच्या आणि नंतर गॅसबत्तीच्या उजेडात चमकणारा जरीचा पदर, हा सगळा देखावाच होता. तो तमाशाचा हक्क आहे. पण पवळा नाचत असे तेव्हा पलीकडं कवन बापूरावांचं होतं आणि ढोलकी जिवंत माणसाच्या हातात होती.

याच संगमनेरात तमाशा कलावंत कांताबाई सातारकर राहिल्या, तुकाराम खेडकरांबरोबर उभं केलेलं काम खेडकरांच्या पश्चात पुढं नेलं, मुलाच्या, रघुवीर खेडकरांच्या हाती दिलं, आणि मे 2021 मध्ये, कोरोनानं लागोपाठ दुसरा हंगाम बुडवलेला असताना, इथंच गेल्या. त्या दोन हंगामांत पुष्कळ फडांतले वाजवणारे घरी बसले. कुणी रिक्षा घेतली, कुणी कांद्याच्या खळ्यावर गेलं. हंगाम परत सुरू झाला तेव्हा मालकांकडं पैसा नव्हता. क्लॅरिनेटवाल्याची जागा कीबोर्डनं घेतली, झीलकऱ्यांची जागा रेकॉर्डिंगनं. हौसेनं केलेला बदल नव्हता तो, पण एकदा गेलेली जागा परत निघत नाही.

चंदनापुरीचा घाट, घारगाव, बोटा.

तीन

आळेफाट्याला जेवण. इथून नारायणगाव जवळ. तमासगीर विठाबाई नारायणगावकरांचं गाव, आणि फडांच्या राहुट्या लागतात ते ठिकाण. गुढीपाडव्याला गावोगावचे जत्रा कमिटीवाले तिथं येतात, राहुटीत बसतात, तारीख आणि रक्कम ठरते. मी मालकांबरोबर तिथं बसतो कारण आता निम्मे प्रश्न माझ्या खात्याचे असतात. स्क्रीन किती बाय किती? शार्पी किती? मुली किती? पेपर ब्लास्ट आहे का? पूर्वी कमिटीतली माणसं विचारायची की वग कोणता, सोंगाड्या कोण. ढोलकीला कोण आहे हेही विचारणारी असायची. यंदा हा प्रश्न मी एकदाही ऐकला नाही.

पोरांना दोष देऊन मी मोकळा होणार नाही. जत्रेची वर्गणी आता बाहेरगावी नोकरी करणारी पोरं देतात, तीच कमिटीत आहेत. त्यांनी फोनवर जे पाहिलं तेच ते मागणार. 2010 साली 'नटरंग' आला तेव्हा त्या वर्षी सगळ्या जत्रांत त्याचीच गाणी मागितली गेली, आणि आम्ही ती वाजवली, ढोलकीवर, पेटीवर. तात्या म्हणतात, त्या गाण्यांनी ढोलकीला पुन्हा मान दिला. 2016 ला 'सैराट' आला आणि मागणी बदलली. आता गाणं नको होतं, तोच आवाज हवा होता, जसाच्या तसा. तो आवाज आम्ही कुठून आणणार? संगीतकार अजय-अतुल यांनी 'सैराट'च्या संगीतासाठी थेट हॉलिवूडमधल्या सोनीच्या स्टेजवर वाद्यवृंद बसवून ध्वनिमुद्रण केलं होतं. म्हणजे ज्या ट्रॅकनं आमच्या वाजवणाऱ्यांची जागा घेतली तो ट्रॅकही वाजवणाऱ्या माणसांनीच भरलेला आहे. पैसा आणि वेळ असला की माणसंच लावतात, हे मला त्यातून दिसलं.

साडेचार

पारनेर तालुका. टाकळी ढोकेश्वरच्या अलीकडं आत वळून गाव. मैदानात ट्रक मागं लावले, बोर्ड उभारायला सुरुवात. आता सगळं सामान उतरतं.

मी फडात यायच्या आधी नगरला मिरवणुकांत डीजे लावायचो, म्हणून बेसची ताकद मला ठाऊक आहे. छातीवर बसणारा आवाज माणसाला हलवतोच, तिथं त्याची इच्छा विचारली जात नाही. आणि नेमकी अडचण तिथंच आहे. ट्रॅकमधला किक जिथं बसतो, साधारण 100 हर्ट्झच्या खाली-वर, तिथंच ढोलकीची डावी पुडी राहते. दोन्ही एकदम सोडले की डावी पुडी गिळली जाते. बोर्डावर तात्या घाम गाळत असतात आणि मैदानात त्यांची फक्त टणटण पोचते. लोक म्हणतात, ढोलकी नुसती दाखवायला ठेवलीय. ते खोटं असतं, पण त्यांच्या कानांना खरंच असतं.

उपाय आहे. ट्रॅकचा खालचा भाग कापायचा, ढोलकीला जागा करून द्यायची. मी करतो. मग पाचव्या मिनिटाला कमिटीतलं कुणीतरी मिक्सरपाशी येतं: "दादा, बेस कुठं गेला? शेजारच्या गावच्या जत्रेला खिडक्या हलल्या होत्या."

नर्तिका गौतमी पाटील यांच्या कार्यक्रमांना गर्दी लोटायला लागली तेव्हा, 2022-23 च्या सुमारास, डीजेवरच्या नाचाला लावणी म्हणायचं का यावर राज्यभर वाद झाला. मी तो सगळा वाद ऐकला. पोशाखावर बोललं गेलं, हावभावावर बोललं गेलं, पोलीस बंदोबस्तावर बोललं गेलं. बाई काय करते यावरच सगळ्यांची नजर. मागं वाजवतंय कोण, कुणी वाजवतंय तरी का, हे विचारणारे बोटांवर मोजण्याइतके. म्हणून मला तो वाद अर्धाच वाटला. सुलोचना चव्हाण डोक्यावरचा पदर ढळू न देता एका जागी उभ्या राहून लावणी गायच्या आणि सभागृह डोक्यावर घेतलं जायचं. आचार्य अत्र्यांनी त्यांना लावणीसम्राज्ञी म्हटलं ते गळ्यासाठी. उलट अंगभर शालू नेसून सगळी शिस्त पाळून ट्रॅकवर ओठ हलवले, तर त्या वादात ती बाई पास होईल. माझ्या लेखी तिथं लावणी झालीच नाही.

सहा

चाचणी. कीबोर्ड, ऑक्टोपॅड, पेटी, ढोलकी, हलगी, मग गळे. तुणतुण्याचा माइक मी मुद्दाम लावतो. एका तारेचं वाद्य, कुणाच्या लक्षात येत नाही, पण ते बंद केलं की गाणाऱ्या पायाखालची फळी सरकल्यासारख्या वळून बघतात.

ताई माइकपाशी आल्या आणि एकच ओळ म्हणून थांबल्या. सकाळचा आवाज नव्हता. वरचा सूर फाटत होता.

"भाऊ, रात्री दुसरी लावणी ट्रॅकवर टाक," त्या मला म्हणाल्या. "पहिली म्हणते. दुसरीला ओठ हलवते."

इथं माझी मतं अडखळतात, आणि अडखळायलाच हवीत. हंगामात रोज रात्री खेळ, सकाळी हजेरी, मध्ये तीन-चार तासांचा प्रवास, धूळ, अवेळी जेवण, झोप बसच्या सीटवर. गळा हे तिचं पोट आहे. बोर्डावर मॉनिटर नीट नसला की गाणारी स्वतःला ऐकू यावं म्हणून आणखी ओरडते आणि गळा लवकर जातो. ट्रॅकनं कित्येक बायांचे गळे हंगामभर टिकवलेत. ज्यांनी कधी ट्रकमागं लुगड्याचा आडोसा करून कपडे बदलले नाहीत, त्यांनी एसी सभागृहातून ट्रॅकला शिव्या देऊ नयेत.

पण तात्यांनी ऐकलं. ते म्हणाले, "ट्रॅक कशाला? खाली घेऊ."

काळी चारवरून पांढरी पाच. अर्धा सूर खाली. मास्तरांना बोटं सरकवायची, कीबोर्डवाल्याला एक बटण. सगळ्यात मोठं काम तात्यांचं, पूर्ण ढोलकी उतरवून पुन्हा लावायची. त्यांच्याकडं दुसरी ढोलकी आहे, ती त्यांनी काढली आणि बोर्डाच्या कडेला बसून कान लावून लावली. पाऊण तास लागला. चहा गार झाला. मी ताईंच्या पायाशी मॉनिटर आणखी एक ठेवला, माझ्या बाजूचा काढून. ताईंनी ओळ म्हटली, सूर फाटला नाही. त्या तात्यांच्या पाया पडल्या. तात्या म्हणाले, "माझ्या काय पडता, चाळ बांधा."

वाजवणारा माणूस असला की दुखऱ्या गळ्यासाठी सूर खाली येतो. हे माझं मत नाही, संध्याकाळी सात वाजता डोळ्यांनी पाहिलेलं आहे. लॅपटॉपवरही सूर खाली करता येतो हे मला माहीत आहे. पण गाणारी थकली तर मध्येच लय धीमी करायची, श्वासाला जागा सोडायची, हे लॅपटॉपला कोण सांगणार?

रात्री सव्वाआठ

पत्रिकेवर वेळ सातची. माणसं जेवून येतात, तोवर आठ वाजतात. आणि दहाला बंद करायचं आहे.

ध्वनिप्रदूषणाचे नियम 2000 साली आले. रात्री दहा ते सकाळी सहा लाउडस्पीकर बंद. वर्षातले जास्तीत जास्त पंधरा दिवस बारापर्यंत सूट देता येते, पण त्यातले बहुतेक दिवस गणपती-नवरात्रासारख्या मोठ्या सणांना जातात. आडगावची चैत्रातली जत्रा त्यात बसत नाही. नियम बरोबर आहे. मिरवणुकांतल्या स्पीकरच्या भिंती मीच उभ्या केल्यात, म्हाताऱ्यांचं काय होतं ते जवळून पाहिलंय. पण त्याचा तमाशावर जो परिणाम झाला तो कुणी मोजला नाही. पूर्वी खेळ रात्री सुरू होऊन उजाडायला संपायचा. गण, गवळण, बतावणी, रंगबाजी आणि मग वग. पावणेदोन तासांत यातलं काय ठेवायचं? जे लगेच टाळ्या घेतं ते. वगाला रंग चढायलाच अर्धा तास लागतो, बतावणीला समोरचा माणूस निवांत असावा लागतो. वेळ कमी झाला की ऐकण्याच्या गोष्टी आधी कापल्या जातात, बघण्याच्या राहतात.

आज सलामी चार मिनिटांची. गण झाला, गवळण अर्धी.

मग ताईंची लावणी, पांढरी पाचमध्ये. मी शार्पी बंद ठेवायला लाइटवाल्याला सांगितलं होतं, एक पांढरा झोत फक्त. स्क्रीनवर फिरणारी फुलं घालवून ताईंच्या पायांचा कॅमेरा लावला. पाय पंधरा फूट मोठे दिसले. मागच्या रांगेतल्या पोराला टाच फिरताना दिसली असेल. स्क्रीनशी माझं भांडण नाही, स्क्रीनवर काय दाखवायचं यावरून आहे. सकाळी पारावरच्या म्हाताऱ्याला जे दहा फुटांवरून दिसलं ते स्क्रीनमुळं दोनशे फुटांवर दिसू शकतं. पण त्यासाठी पायांनी काहीतरी खरं करायला हवं, आणि त्यांना उत्तर द्यायला ढोलकी हवी.

पोरं बसून होती. शिट्ट्या थांबल्या होत्या. काही उठून चहाला गेली हेही सांगितलं पाहिजे.

नऊ

रंगबाजी. म्हणजे आता पेन ड्राइव्ह. धूर, शार्पी, बेस. सहा मुली, सगळ्यांचे हात एका वेळी वर, एका वेळी खाली. त्यांनी दुपारी ट्रकच्या सावलीत तालीम केलेली मी पाहिली आहे. मेहनत खरी आहे, पाय खरे आहेत, नाच चांगला होता. मैदान उभं राहिलं.

या पाऊण तासात माझी बोटं रिकामी होती. फेडर एकदा लावला की गाणं संपेपर्यंत हात लावायचं कारण पडत नाही. मागं तात्या, मास्तर, हलगीवाला बसून. मालकांचा दंडक आहे की वाजवणाऱ्यांनी उठायचं नाही, हात हलवत राहायचे. तात्या हात हलवत नाहीत, मांडीवर ठेवून बसतात. मालक त्यांना काही म्हणत नाहीत.

1989 मध्ये अमेरिकेत मिली व्हॅनिली नावाच्या जोडीचा कार्यक्रम चालू असताना ट्रॅक एकाच ओळीवर अडकला. पुढच्या वर्षी त्यांना ग्रॅमी मिळालं, आणि गाणारे आवाज त्यांचे नव्हतेच हे उघड झाल्यावर त्याच वर्षी नोव्हेंबरात परत घेतलं गेलं. तिथं फसवणूक होती. आमच्या मैदानात फसवणूक नाही. लहान पोरालाही कळतं की ट्रॅक चालू आहे. म्हणून मी याला खोटेपणा म्हणत नाही. गेलं ते दुसरंच काही. समोरचं गाव कुठलं, वारा कसा, कुणाला गाणं आवडलं, गायिकेला आज ताप आहे की आनंद आहे, यातल्या कशानंच ट्रॅकमध्ये फरक पडत नाही. काल अकोल्यात जे झालं तेच आज पारनेरात झालं, सेकंदाला सेकंद. मग गावानं ट्रक भरून चाळीस माणसं का बोलवावीत? एक लॅपटॉप पुरे. मालकांना मी हेच सांगत असतो, की ट्रॅकवर आपण कधीच जिंकणार नाही, आपल्यापेक्षा मोठी स्क्रीन दुसऱ्याकडं असणारच. तात्या मात्र दुसऱ्याकडं नाहीत.

पावणेदहा

वग. पंधरा मिनिटांचा. राजा येतो, प्रधान येतो, सोंगाड्या दोन विनोद करतो. याच पारनेर तालुक्यात ढवळपुरी आहे, चंद्रकांत ढवळपुरीकरांचं गाव. त्यांच्या वगांवर रात्री काढलेली माणसं इथं अजून आहेत. त्यांतला एक जण मिक्सरपाशी येऊन मला म्हणाला, "एवढाच?" मी घड्याळ दाखवलं. गेटवर हवालदार उभे होते, चांगले होते, दहा वाजून दोन मिनिटांपर्यंत थांबले.

साडेबारा

बोर्ड उतरला नाही, उद्या इथंच हजेरी. जेवणं झाली. मालक खाटेवर, मी खाली पोत्यावर. पुढच्या वर्षीच्या कराराचा कागद मी मागितला.

माझं म्हणणं साधं आहे. सुपारीच्या कागदावर स्क्रीनचं माप लिहितो, तसंच लिहायचं: सलामी, गण आणि तीन लावण्या वाद्यांवर, ट्रॅक नाही. वाजवणाऱ्यांची संख्या लिहायची. कमिटीनं सही करायची. म्हणजे ऐन वेळी बेस वाढव म्हणून कुणी आलं तर कागद दाखवता येईल. बाकी रंगबाजी तुमची, हवा तेवढा धूर सोडा, मीच सोडीन. आणि तात्यांच्या हाताखाली एक पोरगा पगारावर ठेवायचा, आत्ताच, ते बसून शिकवू शकतात तोवर.

मालक म्हणाले, "कमिटीवाले कागद वाचून पळतील."

मी म्हटलं, "पहिली दोन गावं पळतील."

"तुझ्या पगारात पळतील का?"

मी हो म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही. मग ते पोरग्यावर आले. कुठला, किती घेईल, ढोलकी स्वतःची आहे का. हलगीवाल्याचा धाकटा भाऊ आहे, हात बरा आहे, शाळा सुटलेली आहे. त्याला जेवणखाण आणि अर्धा पगार यावर मालक तयार झाले. लावण्यांचं मात्र दोनावर अडलं. मी तीन मागितल्या होत्या. तिसरी ट्रॅकवर का नको, असं ते विचारत होते. मी म्हटलं, दोन लावण्यांत ढोलकीवाला गरम होतो आणि गाणारी मोकळी होते, जे काही व्हायचं ते तिसऱ्यात होतं. आज सकाळी ती ओळ ताईंनी चार वेळा म्हटली ना, ती तिसरी लावणी होती.

मालक सकाळी बिदागीच्या नावांच्या यादीत गुंतले होते, त्यांनी ती ऐकली नव्हती. "उद्या हजेरीला बसतो समोर," ते म्हणाले, "मग सांगतो." कागद त्यांनी उशाखाली ठेवला, सही न करता.